चौकशी खिडकी

कपालेश्वराच्या पायऱ्या चढून वर गेल्यावर
मी आईला विचारलं होतं, नंदी कुठंय?
वय असेल सहा. चपला हातात,
कारण खाली ठेवल्या तर जातील, असं तीच म्हणाली होती.

आईला माहीत नव्हतं.
तिनं ते लपवलं नाही. म्हणाली, थांब, विचारू.

फुलवाला म्हणाला, गेला असेल चरायला.
रांगेतल्या बाईनं ओठांवर बोट ठेवलं.
एक म्हातारे पुजारी मात्र गंध उगाळायचे थांबले
आणि सांगत बसले:
महादेवाच्या हातून पाप घडलं, तो वणवण हिंडला,
तेव्हा एका दारात एक वासरू आपल्या आईला सांगत होतं
पाप कुठल्या पाण्यात धुतलं जातं ते.
महादेव त्या वासराच्या मागं मागं इथवर आला.
आता गुरूलाच पायाशी कसं बसवायचं?

उतरताना आई तीनदा म्हणाली,
वासराला. वासराला विचारलं देवानं.
चौथ्यांदा नुसतीच हसली.

तेव्हापासून की आधीपासूनच, आता सांगता येत नाही,
गल्लीत तिचं नाव पडलं चौकशी खिडकी.
सीबीएसवर असते तशी, फक्त उलटी:
तिथं लोक विचारतात, ही लोकांना विचारायची.
रेशनवाल्याला, काटा शून्यावर कधी आणतोस?
सिव्हिलच्या डॉक्टरला, ही पांढरी गोळी कशाची,
आणि कालची पिवळी बंद का?
हळदीकुंकवात करंडा गिरिजाकाकूला टाळून पुढं सरकला
तेव्हा भर बायकांत,
का गं, हिला कपाळ नाही का?
पुढच्या वर्षी आम्हाला बोलावणं आलं नाही.

फक्त बाबांना,
दर गुरुवारी सिन्नरला कुणाकडे जाता,
हे तिनं कधी विचारलं नाही.
मी एकदा विचारणार होते.
तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली, मला नको असताना.

धाकटा हेमू गेला त्या वर्षी
ती दर सोमवारी वर जायची.
हात जोडायची नाही. उभी राहायची,
नंदी असता तर जिथं असता, बरोबर त्या जागी,
आणि एकच शब्द: का?
मागून लोक म्हणायचे, बाई, सरका, दर्शन घेऊ द्या.
उत्तर आलं का, मी विचारायचे.
नाही, म्हणायची,
आणि मेथीची जुडी सोडून निवडायला बसायची.
पुढच्या सोमवारी पुन्हा.
मला तेव्हा वाटायचं, हा राग.
पण रागावलेलं माणूस इतक्या नेमानं जात नाही.

आज रामकुंडावर भावानं तिला पाण्यात सोडलं.
गुरुजींनी लाल फडक्यातून वही काढली.
गाव पळसे, आडनाव गायधनी.
पणजोबा, आजोबा, चुलते,
मोडीतून बाळबोधीत, टाकातून पेनात
उतरत आलेले पुरुष.
भाऊ सही करून उठायला लागला.

मी म्हटलं, आणि आई?
कुणाची?
जिच्यासाठी आलोय, तिचं नाव.

गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला.
बायकांची लिहू नका, असं कुणी म्हटलेलं नाही, ते म्हणाले,
लिहा असंही कुणी म्हटलं नाही.
मग पान तिरकं करून समासात जागा शोधली.
सांगा.
प्रमिला निवृत्ती गायधनी.
हे सासरचं. माहेरी काय म्हणत?

पेन कागदावर टेकलेलं.
शाईचा ठिपका मोठा होत चाललेला.

तिनं अख्ख्या नाशकाला विचारलं.
मी तिला एवढं विचारलं नव्हतं.

भाऊ घड्याळ बघत होता. म्हणाला, राहू दे ना.
मी ओल्या पायरीवर बसून
विंचूरच्या मावशीला फोन लावला.
ती कानानं अधू, रिंग वाजत राहिली,
तुटली, पुन्हा लावली.

हॅलो, कोण?
मावशी, मी.
एक विचारायचं होतं.